सामायिक जगाची देखभाल : हौशी अद्भुतकथांच्या लेखकगटांचा अभ्यास

साहित्याचा अभ्यास करायचा म्हटला की आपण एक लेखक निवडतो, त्याची पुस्तके कालक्रमाने लावतो आणि कामाला लागतो. ज्या क्षेत्रात मी या प्रस्तावनेतून वाचकाला बोलावतो आहे, तिथे ही रीत पहिल्याच पायरीवर अडते. इथे एका काल्पनिक शहराच्या गोष्टी पंधरा-वीस माणसे मिळून लिहितात. त्यांतली बरीचशी एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. कुणी विद्यार्थी, कुणी बँकेत नोकरीला, कुणी लहान मूल झोपल्यावर तासभर लिहिणारी आई. मानधन कुणालाच नाही. काही वर्षांनी पाहावे तर त्यांतली निम्मी माणसे निघून गेलेली असतात, नवी आलेली असतात, आणि शहर मात्र जागच्या जागी असते. तोच बाजार, तेच सरदारघराणे, नदीवरचा तोच पूल. हे शहर कुणाचे म्हणायचे? आणि इतकी माणसे आली-गेली तरी ते टिकले कसे?

यांतला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. अशी जगे उभी राहतात कल्पनाशक्तीच्या जोरावर, पण टिकतात ती देखभालीवर. नोंदी ठेवणे, एकमेकांचे मसुदे मन लावून वाचणे, नव्या माणसाला जागा करून देणे, आणि आपली वेळ झाली की किल्ल्या दुसऱ्याच्या हाती सोपवणे, ही ती देखभाल. यातले काहीच छापील कथेत दिसत नाही, त्यामुळे समीक्षकांचे तिकडे लक्ष गेले नाही. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा तिथेच आहे.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. गोष्ट पुढे न्यायचा खेळ मराठी वाचकाला नवा नाही. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून जगभरच्या मराठी माणसांच्या गप्पांचे ठिकाण आहे, आणि तिथल्या गणेशोत्सवात ‘एसटीवाय’ या नावाने साखळीकथा रंगत आल्या आहेत. एकाने सुरुवात करायची, त्याने जिथे सोडले तिथून दुसऱ्याने पुढे न्यायचे, तिसऱ्याने भलतेच वळण द्यायचे. त्यातली गंमत त्या ओढाताणीत असते आणि उत्सवाबरोबर ती संपते. सामायिक जगाचा बेत निराळा असतो. तिथे प्रत्येक जण आपली स्वतंत्र, पूर्ण कथा लिहितो. सामायिक असते ती पायाखालची जमीन: भूगोल, राजघराणी, देवदेवता, नाणी, सणवार, आणि आधीच्या कथांतून घडून गेलेला इतिहास. साखळीकथेत मागच्याने केलेला घोळ पुढच्याने निस्तरला की भागते. सामायिक जगात तो घोळ इतिहासात जमा होतो आणि दहा वर्षांनी येणाऱ्या लेखकालाही तो मानावा लागतो.

या प्रकाराचे मूळ शोधायचे तर मी वाचकाला आधी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या हॉवर्थ गावी नेईन. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट, एमिली आणि ॲन या बहिणींनीही एकेक शिपाई उचलला आणि त्याला नाव दिले. शार्लटचा झाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. त्या शिपायांसाठी मुलांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘ग्लास टाउन’ नावाचे नगर वसवले. त्याचे राजकारण, युद्धे, वृत्तपत्रे, कवी आणि कवींवर टीका करणारे समीक्षकही त्यांनीच घडवले. हे सारे लिहिले गेले शिपायांच्या हातात शोभतील अशा काडेपेटीएवढ्या पुस्तकांत, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरात. आपल्याकडे शाळांतून आणि वाड्यांतून निघालेली हस्तलिखित मासिके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना त्या पुस्तकांमागची असोशी ओळखू येईल.

अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. मुलांनी स्वतःलाही त्या जगात चार महाशक्तींच्या रूपाने ठेवले होते आणि मेलेल्या पात्राला जिवंत करण्याचा अधिकार त्या शक्तींना होता. भावाने युद्धात मारलेला शिपाई बहिणीला हवा असेल तर पुढे काय, या वादावर मुलांनी काढलेला तो तोडगा होता. दुसरी गोष्ट फुटीची. १८३१ मध्ये शार्लट शिकायला रो हेडला गेली, तेव्हा धाकट्या एमिली आणि ॲनने आपले वेगळे ‘गोंडल’ बेट वसवले. शार्लट आणि ब्रॅनवेलच्या हातून ग्लास टाउनमधून पुढे ‘अँग्रिया’ उभे राहिले. गोंडलचे गद्य हरवले, कविता उरल्या. मोठ्यांच्या इच्छेने चालणाऱ्या जगातून धाकटे बाहेर पडतात आणि स्वतःचे जग मांडतात, हे पुढे कितीतरी गटांत घडलेले दिसते.

दुसरा थांबा अमेरिकेचा. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १९१४ मध्ये ‘युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ या हौशी पत्रकारांच्या संघटनेत दाखल झाला. घरच्या छापयंत्रावर छोटी नियतकालिके काढून ती टपालाने एकमेकांना पाठवणाऱ्यांचे हे जाळे होते. लव्हक्राफ्टने त्यातून पत्रव्यवहाराची सवय उचलली आणि आयुष्यभर हजारो पत्रे लिहिली. क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्यासारखे लेखक त्या वर्तुळात आले. एकाच्या कथेतला काल्पनिक ग्रंथ दुसऱ्याच्या कथेत सहज डोकावू लागला, एकाने कल्पिलेला देव तिसऱ्याने पुजला. कुणी नियम लिहिले नव्हते. पत्रे हाच करार.

त्या कराराचे एक सुंदर उदाहरण पाहा. मिलवॉकीच्या रॉबर्ट ब्लॉकने कोवळ्या वयात लव्हक्राफ्टला पत्र धाडले आणि तो शिष्यच झाला. त्याला आपल्या कथेत लव्हक्राफ्टसारख्याच एका पात्राला भयानक मरण द्यायचे होते. त्याने रीतसर परवानगी मागितली. लव्हक्राफ्टने ती १९३५ मध्ये लेखी दिली, खाली आपल्याच कथाविश्वातल्या काल्पनिक मंडळींच्या साक्षीही घातल्या. कथा त्याच वर्षी ‘वियर्ड टेल्स’ मासिकात आली. लव्हक्राफ्टने परतफेड म्हणून आपल्या पुढच्या कथेत रॉबर्ट ब्लेक नावाच्या तरुण लेखकाला मारले आणि त्याला ब्लॉकचा खरा मिलवॉकीचा पत्ता दिला. सामायिक जगातली नीती या देवघेवीत पूर्ण उतरली आहे. दुसऱ्याचे पात्र वापरावे, पण विचारून. आणि त्याने आपले वापरले तर मोकळेपणाने वापरू द्यावे.

हा अलिखित शिष्टाचार नियमाच्या रूपात आला तो १९७९ मध्ये, ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ या कथासंग्रहाने. रॉबर्ट लिन ॲस्प्रिन या लेखकाने ‘सँक्च्युअरी’ नावाचे एक बकाल, भ्रष्ट, साम्राज्याच्या टोकाला पडलेले शहर आखले. पॉल अँडरसन, जॉन ब्रनर, मॅरियन झिमर ब्रॅडली अशा नावाजलेल्या लेखकांना त्याने तिथे आपापले एक पात्र घेऊन यायला सांगितले. अट अशी, की दुसऱ्याचे पात्र आपल्या कथेत आणता येईल, पण मालकाच्या परवानगीशिवाय त्याला मारायचे नाही की कायमचे बदलायचे नाही. कथांमधल्या विसंगतींचे काय, यावर ॲस्प्रिनने दिलेले उत्तर मला आजही फार शहाणपणाचे वाटते. त्याने त्या पुसल्या नाहीत. एकच घटना शहरातली वेगवेगळी माणसे वेगवेगळी सांगणारच, असे त्याने वाचकाला सांगून टाकले. हाकिम नावाचा एक पेशेवर गोष्टीवेल्हाळ त्याने त्या शहरात बसवला होता, त्यामुळे हे पटायलाही जड गेले नाही. ॲस्प्रिन आणि लिन ॲबी यांनी मिळून ही मालिका १९८९ पर्यंत चालवली, मूळचे बारा खंड निघाले. पाठोपाठ १९८५ मध्ये ‘लियाव्हेक’, १९८६ मध्ये ‘बॉर्डरटाउन’, १९८७ मध्ये ‘वाइल्ड कार्ड्स’ अशी सामायिक जगे आली. ही व्यावसायिकांची कामगिरी होती. आपल्या अभ्यासाचा विषय त्या पुस्तकांच्या हौशी वाचकांपासून सुरू होतो.

त्यांपैकी एक होता मेन विद्यापीठातला विद्यार्थी डेव्हिड लिस्कॉम्ब. १९८४ च्या डिसेंबरात त्याने बिटनेटवरून ‘एफएसएफनेट’ नावाचे अद्भुतकथा आणि विज्ञानकथांचे छोटे नियतकालिक पाठवायला सुरुवात केली. बिटनेट हे विद्यापीठांच्या मोठ्या संगणकांना जोडणारे जाळे होते. १९८१ मध्ये न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ आणि येल यांच्यातल्या जोडणीपासून ते सुरू झाले. त्यावर चित्र नाही, ठळक अक्षर नाही. छिद्रांच्या कार्डांच्या वारशाने आलेली ऐंशी अक्षरांची ओळ, आणि एका संगणकाने पुढच्या संगणकाकडे ढकलत नेलेली फाइल. अशा साधनावर त्याने आणि त्याच्या मित्रांनी ‘डार्गन’ नावाचे बंदराचे शहर उभारले. बारानूर राज्यातली एक सरदारी, क्लिफ्टन डार्गन नावाचा ड्यूक, आणि त्याच्या आश्रयाने जगणारे व्यापारी, चोर, सैनिक, भटके. या उपक्रमाला त्यांनी ‘डार्गन प्रोजेक्ट’ म्हटले. १९८८ मध्ये नियतकालिकाचे नाव ‘डार्गनझिन’ झाले, संपादकपद दुसऱ्याकडे गेले, काही वर्षांनी ते पुन्हा लिस्कॉम्बकडे आले. दोन दशकांहून अधिक काळ हा अंक निघत राहिला. जाळी बदलली, संगणक बदलले, सदस्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या.

सुरुवातीच्या काळातली एक अडचण आज चटकन ध्यानात येत नाही. विद्यापीठाचा संगणक वापरायचा तर विद्यार्थी असावे लागे. पदवी मिळाली की खाते बंद. म्हणजे माणूस लिहायला जरा शिकतो, जगाची माहिती पक्की होते, आणि नेमक्या त्याच वेळी तो जाळ्याबाहेर फेकला जातो. अशा स्थितीत ज्या गटाची सगळी माहिती एका-दोघांच्या डोक्यात असेल तो गट त्यांच्या पदवीदान समारंभाबरोबर संपणार. पात्रांची सूची, ठिकाणांची सूची, कालपट, नकाशा या गोष्टी लिहून ठेवण्याची निकड तिथून आली. या सगळ्याला मी पुढे ‘दप्तर’ म्हणणार आहे.

दप्तर कसे चालते ते थोडे जवळून पाहू. समजा, एका नव्या लेखिकेने कथा पाठवली आहे. थंडीचे दिवस, बंदर गोठलेले, गलबते अडकून पडलेली, आणि अशात एका खलाशाची बायको त्याला शोधायला निघते. कथा चांगली उतरली आहे. दप्तर सांभाळणारा सूची उघडतो तर सहा वर्षांपूर्वीच्या एका कथेत त्याच शहरातून, त्याच महिन्यात, एक जहाज दक्षिणेला निघालेले. आता काय करायचे? कच्चा दप्तरदार लिहितो, ‘बंदर गोठत नाही, बदला.’ लेखिका हिरमुसते आणि पुन्हा कथा पाठवत नाही. मुरलेला दप्तरदार विचारतो, ही कोणत्या वर्षीची गोष्ट आहे? त्या जहाजाच्या कथेनंतर आठ वर्षांची? मग त्या वर्षी हिवाळा नेहमीपेक्षा कडक पडला असे करू या. म्हाताऱ्या खलाशांनी असा हिवाळा पाहिला नाही असे एक वाक्य टाका. कथा बळकट होते, जुनी कथा अबाधित राहते, आणि दप्तरात नवी नोंद जाते: अमुक वर्षी बंदर गोठले. पुढे तिसरा लेखक ती नोंद वाचतो आणि त्या हिवाळ्यात धान्य महागल्याची, साठेबाजाला लोकांनी लुटल्याची कथा लिहितो. एका विसंगतीतून तीन कथांना जोडणारा इतिहास तयार झाला. दप्तराला सर्जनाचे साधन मी म्हणतो ते याच अर्थाने.

दप्तराचे सर्वांत काटेकोर रूप एरिक फ्लिंट या लेखकाच्या ‘१६३२’ मालिकेभोवती पाहायला मिळते. त्याच नावाची पहिली कादंबरी २००० मध्ये आली. वेस्ट व्हर्जिनियातले ग्रँटव्हिल नावाचे खाणकामगारांचे आजचे गाव एका क्षणी उचलले जाऊन सतराव्या शतकातल्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धाच्या ऐन धामधुमीत, जाऊन पडते, एवढीच तिची कल्पना. वाचकांना ती इतकी भावली की ते स्वतःच त्या गावाच्या कथा लिहू लागले. फ्लिंटने त्यांना अडवले नाही, निवडक कथांसाठी ‘ग्रँटव्हिल गॅझेट’ काढले. पण इथे एक पेच उभा राहतो. प्रत्येक लेखकाला आपल्या कथेपुरता एक तज्ज्ञ हवा असतो. एकाला शल्यविशारद, एकाला विमान बांधणारा, एकाला लॅटिन जाणणारा. असे चालले तर खाणकामगारांचे गाव बघता बघता संशोधन संस्था होईल. म्हणून मॅनिंग्टन हे वेस्ट व्हर्जिनियातले खरे गाव आधाराला धरले गेले: तिथे जे सापडेल तेच ग्रँटव्हिलमध्ये. गावच्या सुमारे साडेतीन हजार माणसांचा एक भला मोठा तक्ताही तयार झाला. त्यात वय, नाते, शिक्षण, धंदा, सगळे. लेखकाने पात्र त्या तक्त्यातून घ्यायचे. हवा तसा माणूस त्यात नसेल तर जो आहे त्याच्यावर भागवायचे.

हा तक्ता मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. अद्भुतकथेत काहीही घडू शकते असा आपला समज असतो, आणि नवख्या लेखकाची तीच सर्वांत मोठी अडचण असते. काहीही घडू शकत असेल तर कशालाच किंमत राहत नाही. ज्याला शल्यविशारद मिळाला नाही आणि गुरांच्या डॉक्टरवर भागवावे लागले, त्याच्या कथेत आपोआप ताण येतो. जादूचेही तसेच. हौशी गटात मोकळीक दिली की प्रत्येकाचा नायक जगातला सर्वांत बलाढ्य मांत्रिक निघतो, आणि दोन सर्वांत बलाढ्य मांत्रिक एका शहरात मावत नाहीत. म्हणून जादू जाणीवपूर्वक दुर्मीळ ठेवली तर गटाला ते फळते. राजाची गोष्ट कुणीतरी एकदाच लिहू शकतो. शेकडो गोष्टी निघतात त्या चांभाराच्या, सुईणीच्या, कर्जबाजारी शिपायाच्या.

आता मसुद्यांच्या वाचनाकडे येतो. माझ्या दृष्टीने हा या क्षेत्राचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. १९५६ मध्ये डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांनी पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी विज्ञानकथाकारांची परिषद भरवली. तिथून एक रीत रूढ झाली. सगळ्यांनी मसुदा आधी वाचून यायचे, गोलात बसायचे, एकेकाने बोलायचे, आणि ज्याची कथा आहे त्याने सर्वांचे होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. उत्तर द्यायचे ते शेवटी. १९६८ पासूनच्या क्लॅरियन कार्यशाळेने ही रीत पुढच्या पिढीत नेली आणि हौशी गटांनी ती पत्रव्यवहारात उतरवली.

पत्रातून ती राबवताना काही कमावले, काही गमावले. वेळ मिळतो, त्यामुळे शेरा नेमका होतो. चेहरा दिसत नाही, त्यामुळे तोच शेरा दुप्पट टोचतो. चांगला गट नव्या सदस्याला सर्वांत आधी शेरा लिहायला शिकवतो. ‘कथा छान आहे’ याचा लेखकाला उपयोग नाही. ‘कथा जमली नाही’ याचाही नाही. उपयोग असतो तो असा: ‘पाचव्या परिच्छेदात पहारेकरी दार उघडतो. त्याने लाच घेतली होती हे मला पुढच्या पानावर कळले. मधल्या पानभर मी त्याला मूर्ख समजत होतो, त्यामुळे नायिकेच्या हुशारीचे कौतुक वाटले नाही.’ इथे टीकाकाराने निकाल दिलेला नाही. वाचताना आपल्या मनात काय घडले ते त्याने सांगितले आहे, आणि लेखकाला पुढचा निर्णय घ्यायला मोकळे ठेवले आहे. असे शेरे लिहिण्यातून टीकाकार स्वतः किती शिकतो हे त्यालाही बऱ्याच उशिरा उमगते. दुसऱ्याच्या मसुद्यातली निसटती जागा दिसायला लागली की स्वतःच्या मसुद्यातलीही दिसायला लागते. डार्गनच्या मंडळींनी उदयोन्मुख लेखकांची सुधारणा हेच आपले मुख्य काम मानले आणि अंकाला त्याचे फळ मानले. गट दीर्घायुषी होण्यात या प्राधान्यक्रमाचा वाटा मोठा आहे असे मला ठामपणे वाटते. अंक हेच ध्येय असते तर चांगले लिहिणारा पुढे व्यावसायिक प्रकाशकाकडे गेला की गटाचा पराभव झाला असता. शिकणे हे ध्येय असल्याने तो गटाचा विजय ठरतो.

हौशी या बिरुदाबद्दल आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. हौशी राज्य नाट्यस्पर्धेने पन्नासच्या दशकापासून मराठी रंगभूमीला किती नट, दिग्दर्शक आणि नाटककार दिले हे जगजाहीर आहे. दिवसा कचेरीत बसणारी माणसे संध्याकाळी तालमीला येतात, पदरमोड करून नेपथ्य उभे करतात, हे आपण पाहिलेले आहे. लेखकगटांचे काम त्याच जातीचे आहे, फक्त त्यांची तालीम कागदावर चालते. दूर राहणाऱ्या डार्गनच्या लेखकांनाही अशी एकत्र जमण्याची ओढ होती. नव्वदच्या दशकापासून ते वर्षातून एकदा कुणाच्या तरी गावी प्रत्यक्ष जमू लागले. ज्यांच्याशी भेट झाली, त्यांचे शेरे माणूस वेगळ्या कानाने वाचतो.

सगळेच गट एक दप्तर मानत नाहीत. २००७ मध्ये एका निनावी भयकथेतून जन्मलेल्या ‘एससीपी फाउंडेशन’ने उलटी वाट धरली. तिथे अधिकृत इतिहास असा नाहीच. हजारो लेखकांनी लिहिलेल्या विलक्षण वस्तूंच्या फाइली शेजारी शेजारी नांदतात, भले त्या एकमेकींना छेद देवोत. संपादकाऐवजी वाचकांची मते चालतात, आणि लेखाची मते वजा दहापर्यंत घसरली की तो काढला जाऊ शकतो. सारे लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन आणि तीच मोकळीक पुढे देऊन ते कुणीही वापरावे. या मोकळिकीला एका छायाचित्राने अडवले. पहिल्या कथेसोबत जपानी शिल्पकार इझुमी काटो यांच्या शिल्पाचा फोटो लावलेला होता. तो त्या परवान्यात बसत नव्हता. शेवटी २०२२ मध्ये गटाने स्वतःहून तो उतरवला. पंधरा वर्षे जे चित्र त्या जगाची ओळख होते ते गेले, कथा राहिली. हक्कांचा प्रश्न सुरुवातीला कुणालाच महत्त्वाचा वाटत नाही, कारण सगळे मित्र असतात. जो गट पहिल्याच वर्षी साध्या भाषेत चार ओळी लिहून ठेवतो, म्हणजे कथा कुणाची, पात्र कुणाचे, सदस्य सोडून गेला तर त्याच्या पात्राचे काय, त्याचे पुढचे बरेच क्लेश वाचतात.

आणि संपादक. दीर्घकाळ टिकलेल्या गटात संपादकाइतका एकाकी माणूस मी पाहिलेला नाही. कथा मागणे, तगादे लावणे, दुखावलेल्यांना फोन करणे, अंक जुळवणे. या सगळ्यात त्याचे स्वतःचे लेखन मागे पडते, आणि त्याबद्दल आदराचे दोन शब्द फारसे कुणी बोलत नाही. त्याच्यावर सारे अवलंबून असते ही गटाची ताकद आणि तोच धोका. फ्लिंटचे जुलै २०२२ मध्ये निधन झाले आणि ‘ग्रँटव्हिल गॅझेट’ महिन्याभरात थांबले. इतकी वर्षे रचलेला तक्ता, नकाशे, शेकडो कथा, सगळे जागेवर होते. ज्या हाताभोवती आर्थिक आणि कायदेशीर व्यवहार बांधलेला होता तो हात नव्हता. तरी त्या लेखकांनी धीर सोडला नाही. पुढच्याच वर्षी त्याच जगाच्या कथांचे नवे मासिक त्यांनी सुरू केले. जग टिकले ते त्याची माहिती अनेकांकडे वाटलेली होती म्हणून, आणि एकमेकांचे मसुदे वाचून घट्ट झालेला विश्वास शिल्लक होता म्हणून.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या अभ्यासकाला माझे सांगणे थोडेच आहे. उत्तम कथा निवडून त्यांचे रसग्रहण जरूर करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. एकाच कथेचे तीन मसुदे मिळाले तर ते शेजारी ठेवून, कोणत्या शेऱ्यामुळे काय बदलले ते पाहावे. दप्तरातल्या एका नोंदीचा मागोवा घ्यावा: ती कुठल्या कथेतून आली, कुणी तिचा आधार घेतला, कुणी ती वाकवली. गट सोडून गेलेल्यांशी बोलावे. राहिलेल्यांपेक्षा ते अधिक मोकळेपणाने सांगतात. आणि शक्य असेल तर स्वतः एखाद्या गटात सामील होऊन एक तरी कथा लिहावी, ती फोडून घ्यावी, आणि दुसऱ्याची कथा मन लावून वाचून तिच्यावर पानभर लिहावे.

मराठीत असे दीर्घायुषी जग अजून उभे राहायचे आहे, पण त्याला लागणारे सगळे सामान आपल्याकडे आहे. दिवाळी अंकांमुळे संपादनाची सवय अंगात मुरलेली आहे, हौशी नाट्यसंस्थांकडून बिनपैशाच्या शिस्तीचा वारसा आहे, आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले लिहिते वाचक आहेत. कोकणातले एखादे काल्पनिक बंदर, घाटमाथ्यावरचे एखादे नाके, पाच-सात माणसे आणि एक कोरी वही, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. वहीच्या पहिल्या पानावर नकाशा काढावा, दुसऱ्यावर पात्र वापरण्याचे नियम लिहावेत, आणि तिसरे पान हिवाळ्यांच्या, दुष्काळांच्या आणि पुरांच्या नोंदींसाठी मोकळे सोडावे.